अंतःकरण धुऱ्यावर कळतं

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा, रविवार होता. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, भाकर मोडून मेजासमोर उभे राहिले, लोक रांगेनं पुढं निघाले, आणि माझी आजी रांगेतून बाजूला होऊन दाराकडं चालू लागली. मी सहा-सात वर्षांचा असेन. तिचा पदर धरून मागोमाग निघालो. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावचं चर्च म्हणजे तेव्हा पत्र्याचं छप्पर घातलेली एक लांब खोली आणि समोर लिंबाचं झाड. लिंबाखाली तिनं चपला घातल्या आणि तडक चुलत जावेच्या घराची वाट धरली.

त्या घराशी आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं. आमची तीन एकर कोरडवाहू, त्यांचं रान लागूनच. नांगरटीच्या वेळी त्यांच्या औतानं धुरा, म्हणजे दोन रानांमधला बांध, कोरला; दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आमच्यातले घेतले, असं आमचं म्हणणं. धुरा मुळात तिथंच होता, असं त्यांचं. प्रकरण सरकारी मोजणीपर्यंत गेलं, मोजणी झाली, तरी मिटलं नव्हतं. त्या भांडणापासून जावेनं चर्चला येणंच सोडलं होतं. आजी दारात जाऊन उभी राहिली. जाऊ चुलीपुढं होती. आजी म्हणाली, “पाणी दे गं माय, लई ऊन लागलंय.” जावेनं थोडा वेळ तिच्याकडं नुसतं पाहिलं, मग तांब्या भरून आणला. आजी उंबऱ्यावर बसून पाणी प्याली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, “दोन तास तुझेच.” एवढंच. कुणी रडलं नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. आम्ही परत आलो तेव्हा मेजावरच्या पांढऱ्या फडक्याची घडीसुद्धा घालून झाली होती. आजोबा चिडले, प्रभुभोजन सोडून लोकांच्या दारात कामून गेलीस म्हणून. “पुढल्या बारीला घेईन,” आजी म्हणाली.

तिला अक्षरओळख नव्हती. बायबलातल्या मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वचन तिनं फक्त कानांनी ऐकलं होतं: वेदीजवळ दान आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथं आठवलं, तर दान तिथंच राहू दे, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. त्या वचनात ‘हृदय’ हा शब्द नाही. तरी ख्रिस्ती जीवनात हृदय म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी त्या उंबऱ्यावरच्या तांब्यापासूनच सुरुवात करतो.

आज आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या लोकांत, हृदयाबद्दल जेवढं बोललं जातं तेवढं आजीच्या काळात कधी बोललं गेलं नसेल. विश्वास नव्यानं जागा करायला भरणाऱ्या उज्जीवन सभांत, उपवास प्रार्थनेत, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत, सगळीकडं एकच हाक: हृदय येशूला द्या. हाक खरी आहे, माझं तिच्याशी वैर नाही. माझं म्हणणं इतकंच की आम्ही हृदयाचा अर्थ बदलून टाकला आहे. हृदय म्हणजे भावना, भावना म्हणजे रडू, आणि रडू आलं की काम झालं. शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, हृदय हे नाही. शास्त्रातलं हृदय ही माणसाच्या आतली निर्णयाची जागा आहे. तिथं जे ठरतं ते बाहेर दिसल्याशिवाय राहत नाही: धुऱ्यावर, ताटात, सोयरिकीत आणि सरकारी कागदावरसुद्धा.

शब्दापासूनच बघू. जुन्या करारात ज्याला आपण हृदय म्हणतो त्याला मूळ हिब्रूत ‘लेव’ किंवा ‘लेवाव’ म्हणतात. हा शब्द आठशेहून अधिक ठिकाणी येतो. या ‘लेव’नं माणूस विचार करतो, बेत आखतो, आठवण ठेवतो, हट्ट धरतो आणि वळतो. शलमोन राजा गादीवर बसल्यावर देवाजवळ काय मागतो? मूळ शब्दांत तो ‘ऐकणारं हृदय’ मागतो, आणि तेही लोकांचा न्याय करता यावा म्हणून. म्हणजे बायबलमधलं हृदय कचेरीत बसतं, निवाडे करतं. येशूनं मार्कच्या सातव्या अध्यायात अंतःकरणातून बाहेर येणाऱ्या गोष्टी मोजल्या, त्यात चोरी आहे, खून आहे, व्यभिचार आहे, लोभ आहे, कपट आहे. ही सगळी दुसऱ्या माणसाला भोवणारी कृत्यं आहेत.

मग भावना कुठं राहतात? हिब्रू माणसानं त्यांना खाली, पोटात जागा दिली होती. यरुशलेमेतली लेकरं रस्त्यात भुकेनं मूर्च्छित पडलेली पाहून विलापगीतांचा कर्ता म्हणतो की माझं यकृत जमिनीवर सांडलं आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खाटकाच्या दुकानात कलेजी मागतो ती यकृताचीच, आणि ‘काळीज’ हा शब्दही तिथलाच. लेकरासाठी आईचं तुटतं तेही काळीजच. नव्या करारातला ग्रीक शब्द आणखी खाली जातो. येशूनं सांगितलेल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याला, म्हणजे परक्या जमातीच्या माणसाला, वाटेत पडलेला जखमी माणूस दिसला तेव्हा त्याला ‘कळवळा आला’, असं आपण वाचतो. तिथलं ग्रीक क्रियापद आतड्यांच्या शब्दापासून बनलेलं आहे. येशूला लोकसमुदाय पाहून कळवळा आला तिथंही तेच क्रियापद. आपण ‘आतडं तुटलं’, ‘पोटात कालवलं’, ‘आतड्याची माणसं’ असं म्हणतो ते याच जागेबद्दल. योहानाच्या पहिल्या पत्रात गरजू भावाला पाहून जो ‘कळवळा आवरून धरतो’ त्याच्याबद्दल लिहिलं आहे. शब्दशः घ्यायचं तर तो आतडी बंद करून घेतो.

म्हणून मराठी बायबलच्या अनुवादकांनी अनेक ठिकाणी ‘अंतःकरण’ हा शब्द निवडला त्याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात. आपल्याकडच्या वेदान्तात अंतःकरणाचे चार भाग सांगतात: मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार. हा शब्द हिब्रू ‘लेव’च्या जितका जवळ जातो तितका ‘दिल’ कधीच जात नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, शेवटची कितीतरी वर्षं घालून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्राचा अनुवाद केला. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ छापून निघाला. एवढी मेहनत ज्या शब्दांवर झाली ते शब्द आम्ही हल्ली सिनेमातल्या गाण्यासारखे वापरतो, याचं मला वाईट वाटतं.

‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य’ हे वाचताना आता आमच्या डोळ्यांपुढं एक हळवा, डोळे मिटलेला माणूस येतो. खरं तर ज्याच्या बुद्धीत एक, बोलण्यात दुसरं आणि हिशेबाच्या वहीत तिसरं नाही, असा माणूस यायला हवा.

रडण्याबद्दल मात्र सांभाळून बोललं पाहिजे. आमच्या भागात बाईला मोकळं रडायला जागा नसते. नवऱ्यानं कर्जापायी फास लावून घेतलेली बाई घरात रडली तर सासू ओरडते, शेतात रडली तर काम खोळंबतं. सभेत ती हात वर करून रडते, तेव्हा ते रडू कमी लेखायची माझी छाती नाही. पण त्या सभेचं अंतःकरण कुठं कळतं? सोमवारी तिच्याबरोबर तलाठ्याकडं कुणी जातं का, सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव लागेपर्यंत कुणी खेटे घालतं का, सावकार दारात आला तर तिच्या बाजूला ओसरीवर कुणी बसतं का, तिथं. मी अशा सभा पाहिल्या आहेत जिथं हजार माणसं एका सुरात रडली आणि त्या बाईच्या लेकराची वह्या-पुस्तकं दोन हजारांवरून अडली. आणि एक म्हातारा वडील, म्हणजे मंडळीचा पंच, असाही पाहिला ज्याला प्रार्थना धड करता येत नव्हती, पण तो सात वेळा तिच्याबरोबर तहसीलला गेला, एसटीचं भाडं आपल्या खिशातून घालून.

भावनेला हृदय समजण्याची चूक शास्त्रात एका राजाच्या गोष्टीत फार चांगली दाखवली आहे. मिसरावर, म्हणजे इजिप्तवर, गारा पडल्या तेव्हा तिथला राजा फारोनं मोशे आणि अहरोन यांना बोलावून घेतलं आणि कबूल केलं, मी पाप केलं आहे, परमेश्वर न्यायी आहे. कबुलीत खोट नव्हती. गारा खऱ्या होत्या, भीती खरी होती. मराठवाड्यात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट झाली ती ज्यांनी सोसली त्यांना ती भीती कळेल. काढणीला आलेला गहू, हरभरा, मोसंबीच्या बागा, सगळं मातीत गेलं. पण गारा थांबल्या आणि फारोनं पुन्हा मन कठीण केलं, इस्राएली गुलामांना सोडलं नाही. मूळ हिब्रूत त्या जागी ‘हृदय जड केलं’ असा प्रयोग आहे, आणि हे ‘जड’ ज्या धातूपासून येतं त्याच अक्षरांत यकृताचाही शब्द बसतो. गारांमध्ये विरघळलेलं आणि ऊन पडताच जड झालेलं. आमच्या कितीतरी कबुल्या अशाच गारांमधल्या असतात. फारोचं हृदय त्याच्या शब्दांवरून ओळखायचं नव्हतं. गुलाम सुटले की नाही, एवढंच बघायचं होतं.

मी प्रॉटेस्टंट घरात वाढलो. भिंतीवर तसबीर नको, मेणबत्ती नको, अशी शिकवण. त्यामुळं वैजापूरकडच्या एका कॅथलिक मित्राच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर पाहून अवघडलो होतो. छाती उघडी, मधोमध लालभडक हृदय, त्याला काट्यांचा वेढा, वर ज्वाळा, कुशीत भाल्याची जखम. मित्राची आई रोज संध्याकाळी त्या तसबिरीखालचा दिवा लावायची आणि मगच भाकरी थापायला बसायची. तसबिरीच्या काचेवर चुलीच्या धुराचा पिवळा थर बसला होता आणि तेवढी हृदयाच्या जागेवरची काच बोटांनी पुसून पुसून लखलखीत झाली होती.

ही भक्ती आमच्या भागात आली त्याचाही एक धागा आहे. गंगापूर-वैजापूर पट्ट्यात कॅथलिक धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्त्या, उभे केले ते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावानं चालणाऱ्या संघाच्या फादरांनी. संभाजीनगरचं कॅथीड्रलही त्यांच्याच नावाचं आहे. या फ्रान्सिस द सेल्स यांनी जेन द शांताल यांच्याबरोबर १६१० मध्ये जो भगिनीसंघ स्थापला, त्याच संघातल्या मार्गारेट मेरी आलाकोक या भगिनीला फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियाल इथं १६७३ ते १६७५ च्या दरम्यान येशूच्या हृदयाची दर्शनं झाली. १८५६ मध्ये पोप नववे पायस यांनी त्या हृदयाचा सण सगळ्या कॅथलिक जगासाठी लागू केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पुन्हा याच विषयावर जगभरच्या मंडळीला दीर्घ पत्र लिहिलं.

आता मला त्या तसबिरीची अडचण वाटत नाही. एक गोष्ट मात्र तिनंच मला शिकवली: त्या चित्रात हृदय छातीच्या बाहेर आहे. उघड्यावर आहे, जखम लोकांना दिसते आहे. ‘माझ्या मनात येशू आहे, बाहेर काय दिसतं त्याचं काय?’ असं म्हणणाऱ्याला ती तसबीर उत्तर देते. येशूनं स्वतःबद्दल म्हटलं की मी मनाचा सौम्य व लीन आहे, आणि ती लीनता त्यानं पाय धुवून दाखवली, ओचा बांधून, घंगाळात पाणी ओतून.

‘परमेश्वर हृदय पाहतो’ हे पहिल्या शमुवेलातलं वचन आमच्याकडं ढालीसारखं वापरतात. देणगीच्या हिशेबाबद्दल विचारलं की परमेश्वर हृदय पाहतो. सूनबाईला कसं वागवता विचारलं की परमेश्वर हृदय पाहतो. ते वचन मुळात कुठं आलं ते बघावं. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडायला गेला होता. थोरले सात मुलगे, एकाहून एक उंचेपुरे, त्याच्यासमोरून गेले. धाकटा दावीद मेंढरं राखत होता, त्याला बापानं बोलावलंसुद्धा नव्हतं. त्या न बोलावलेल्या पोराच्या बाजूनं ते वचन उभं आहे. ज्याला रांगेत घेतलं नाही त्याच्यासाठी ते आहे, पुढच्या खुर्चीवर बसलेल्याचा बचाव करायला नाही.

आणि आमच्याकडं रांगेत कोण नाही, हे जातीचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्मानं ब्राह्मण. ते जालन्याला आले आणि त्यांचं काम वाढलं ते मुख्यतः मांग-महारांच्या वस्त्यांत. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. एकोणिसाव्या शतकातल्या निजामी मुलखात, जिथं मांगाची सावली चालत नव्हती, तिथं ब्राह्मणाच्या घरातला एक माणूस मांगाच्या शेजारी बसून शास्त्र सांगतो, त्यांच्या हाताला विहीर देतो, शेत देतो. याला मी हृदयपरिवर्तन म्हणेन. पैठणला नाथांची जी कथा सांगतात, काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजल्याची, ती ऐकून मोठा झालेल्या मुलखाला बेथेलचा अर्थ कळायला कठीण गेलं नसेल.

पण आता आमच्यात सोयरीक जमवायला माणसं बसली की प्रार्थना होते, चहा होतो, आणि मग कुणीतरी आवाज खाली करून विचारतं: “तुम्ही मूळचे कुणापैकी?” महारांतले ख्रिस्ती आणि मांगांतले ख्रिस्ती यांच्यात अजून सहजासहजी सोयरीक होत नाही. मी चार ठिकाणी मध्यस्थ म्हणून बसलो, तीन ठिकाणी बोलणं याच प्रश्नावर मोडलं. चौथ्या ठिकाणी मुला-मुलीनं आधीच नोंदणी करून टाकली होती. त्या तिन्ही घरांत रोज कौटुंबिक प्रार्थना होते. ‘माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ हे एक्कावन्नावं स्तोत्र तोंडपाठ आहे. ते स्तोत्र दाविदानं एका ठरावीक कृत्यानंतर म्हटलं: उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत पुढं ठेवून मारवलं. नाथान संदेष्ट्यानं त्याला त्याची भावना विचारली नव्हती. श्रीमंतानं गरिबाची एकुलती मेंढी नेली, एवढीच गोष्ट सांगितली होती.

आता सगळ्यात अवघड जागा. मराठवाड्यातल्या फार मोठ्या संख्येनं ख्रिस्ती घरांत दोन नावं आहेत आणि दोन कागद. रविवारी चर्च, आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ किंवा ‘हिंदू मांग’. याचं मूळ १९५० च्या अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती-आदेशात आहे. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं सुरुवातीला हिंदूंखेरीज इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा नाकारला. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतलं, १९९० मध्ये बौद्धांना घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ मध्ये धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली. पुढं काही झालं नाही. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बाप्तिस्मा घेऊन, नियमित चर्चला जाऊन केवळ नोकरीतल्या आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणं ही संविधानाशी केलेली फसवणूक आहे.

या निकालानंतर मी दोन प्रवचनं ऐकली. दोन्हींत या लोकांना दुहेरी मनाचे, कोमट, पैशासाठी येशूला नाकारणारे म्हटलं. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांचं उदाहरण दिलं, जे भट्टीत गेले पण मूर्तीपुढं वाकले नाहीत. त्या तिघांना मी नमस्कार करतो. मात्र व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसानं हे सांगावं का, हा माझा प्रश्न आहे. ज्याचं शिक्षण दुसऱ्याच्या देणगीवर झालं आहे त्यानं, पाचवीतल्या पोराला वसतिगृहात टाकायला दाखला लागतो म्हणून हात थरथरत सही करणाऱ्या बापाला भट्टीचं उदाहरण द्यावं का?

त्याच शास्त्रात नामानाची गोष्टही आहे. अरामी सेनापती, कोडी. यार्देन नदीत बुडी मारून बरा झाला आणि म्हणाला, यापुढं परमेश्वराशिवाय कुणाला यज्ञ करणार नाही. मग जाताना एक गोष्ट मागून घेतो: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जाऊन वाकतो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, त्यामुळं मलाही वाकावं लागतं, एवढ्या बाबतीत परमेश्वर मला क्षमा करो. अलीशा संदेष्ट्यानं त्याला ना भट्टी दाखवली, ना शाप दिला. म्हणाला, शांतीनं जा. नामानानं आपलं वाकणं लपवलं नाही. ज्याच्यापुढं सांगायचं त्याच्यापुढं सांगितलं, आणि ते ऐकून घेणारा माणूस त्याला मिळाला. आमच्या मंडळ्यांत आज असा ऐकून घेणारा नाही. म्हणून लोक गप्प राहतात, आणि ते गप्प राहणंच त्यांना आतून कुरतडतं.

माझं म्हणणं सरळ आहे. १९५० च्या आदेशातली धर्माची अट गेली पाहिजे. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुतली जात नाही. गावात नाही, सोयरिकीत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणं दुर्दैवानं चर्चमध्येही नाही. मग सवलतच तेवढी कशी धुतली जाते? मात्र ही मागणी सरकारकडं करताना मंडळीनं आधी स्वतःच्या घरातलं ‘कुणापैकी?’ बंद केलं पाहिजे, नाहीतर त्या मागणीला तोंड राहत नाही. शिवाय शासनाकडं जायचा अर्ज चर्चच्या कपाटात पडून राहतो आणि व्यासपीठावरून दगड मात्र दर रविवारी भिरकावला जातो, हेही थांबायला हवं. माणसाचं मन दुहेरी आहे असं म्हणण्याआधी ते दुहेरी कुणी केलं हे विचारणं, हासुद्धा अंतःकरणाचाच भाग आहे. शलमोनानं ‘ऐकणारं हृदय’ मागितलं ते यासाठीच.

हे मी बाहेरून लिहीत नाही. माझ्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ असंच आहे. वडिलांनी लावलं, त्यावर मी शिकलो.

वडील प्रभुभोजनाच्या रविवारी शेवटच्या रांगेत बसायचे आणि रांग निघाली की जागेवरून हलायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून. आईनं कारण सांगितलं ते फार उशिरा. आजीला धुऱ्यापलीकडं जाऊन समेट करता आला. वडिलांना ज्या दारात जायचं होतं ते दार दिल्लीत होतं. दाखला बदलला असता तर माझी आणि बहिणीची शाळा सुटली असती, नाही बदलला म्हणून मेजापाशी जायला पाय उचलत नव्हता. तीस वर्षं त्यांनी असं काढलं.

आमच्याकडं मग एक वयस्क पाळक बदलून आले. पहिल्याच प्रभुभोजनाला त्यांनी सगळ्यांना वाटून झाल्यावर ताट आणि पेला उचलला आणि शेवटच्या रांगेपर्यंत चालत आले. बहुतेक आईनं त्यांना सांगितलं असावं. वडिलांसमोर येऊन ते उभे राहिले, काही बोलले नाहीत. वडिलांनी दोन्ही हात धोतराला पुसले. नख्यांत काळी माती होती, पेरणीचे दिवस होते. भाकरीचा तुकडा घेताना त्यांचा हात इतका हलला की पाळकांनी खालून आपला हात धरला.

घरी येताना ते काहीच बोलले नाहीत. आईनं दुपारी वाढलं ते मुकाट्यानं जेवले आणि औत घेऊन रानात गेले. दाखला अजून ट्रंकेत आहे, त्यांच्या बाप्तिस्म्याच्या कागदाबरोबर, एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत.